वॉटरप्रूफिंगच्या वेबसाइटवर लोक येतात, पण चौकशी करत नाहीत. आधी काय बदलावं?

गच्ची_ते_तळघर (पुणे)

नमस्कार मंडळी. आमचा पुण्यात वॉटरप्रूफिंगचा व्यवसाय आहे. गच्ची, बाथरूम, पाण्याच्या टाक्या, बाहेरच्या भिंती अशी कामं करतो. ग्राहक म्हणजे सोसायट्या आणि बंगलेवाले. वर्डप्रेसवर पाच पानांची साइट आहे: होम, आमच्याविषयी, सेवा, गॅलरी, संपर्क. गुगल अ‍ॅनालिटिक्समध्ये महिन्याला साधारण साडेचारशे लोक दिसतात, बहुतेक मोबाइलवरचे. फॉर्ममधून मात्र तीन-चारच चौकश्या येतात आणि त्यातही निम्म्या नोकरी मागणाऱ्यांच्या नाहीतर केमिकल विकणाऱ्यांच्या असतात. फोन येतात, पण ते साइटवरून आले की ओळखीतून, ते कळत नाही.

फॉर्ममध्ये आठ रकाने आहेत: नाव, ईमेल, मोबाइल, पत्ता, कामाचा प्रकार, क्षेत्रफळ, बजेट, संदेश. साइट बनवणारे म्हणतात, डिझाइन जुनं झालंय, नवं करा. एक एजन्सी ‘पहिल्या पानावर आणतो’ म्हणून महिन्याचं पॅकेज देतेय. पावसाळ्याआधीचे महिने हातचे जाऊ द्यायचे नाहीत. डिझाइन, एसईओ (गुगलच्या शोधात साइट वर आणणं) आणि जाहिरात यांपैकी कशावर आधी खर्च करावा?

---

सर्च_आणि_सर्व्हर

तिन्ही थांबवा. आधी फॉर्म भरल्यावर ईमेल खरंच पोहोचतो का ते बघा. वर्डप्रेसच्या छोट्या साइट्समध्ये सगळ्यात जास्त चौकश्या इथेच हरवतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही, कारण ग्राहकाला पडद्यावर ‘धन्यवाद, आम्ही संपर्क करू’ असंच दिसतं.

कारण असं. वर्डप्रेस मूळच्या सोयीने ईमेल पाठवतं ते होस्टिंगच्या सर्व्हरवरून, कसलीही ओळख न पटवता. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सगळ्याच पाठवणाऱ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम (पाठवणारा खरा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) यांपैकी निदान एक बंधनकारक केलं. ते नसेल तर मेल स्पॅममध्ये जातो किंवा दारातूनच परत जातो. त्यात काही फॉर्म ‘प्रेषक’ म्हणून ग्राहकाचाच ईमेल टाकतात. मग तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठवतोय असं दिसतं आणि मेल अडवला जातो.

दुरुस्ती अशी करा. एसएमटीपीचं (लॉगिन करून मेल पाठवण्याची पद्धत) प्लगिन टाका आणि ते तुमच्या डोमेनवरच्या खऱ्या मेलबॉक्सला जोडा. फॉर्मच्या सेटिंगमध्ये प्रेषक म्हणून तुमच्याच डोमेनचा पत्ता ठेवा आणि ग्राहकाचा ईमेल फक्त ‘रिप्लाय टू’मध्ये जाऊ द्या. डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी टाका. एसपीएफची नोंद एकच असावी लागते. दोन असल्या तर दोन्ही निकामी होतात, आणि होस्टिंग बदललेल्या साइट्सवर जुनी नोंद तशीच राहिलेली असते. शिवाय प्रत्येक फॉर्म डेटाबेसमध्येही साठेल अशी सोय करा, म्हणजे मेल अडकला तरी चौकशी हातात राहते. नंतर घरच्या नाही, दुसऱ्याच्या मोबाइलवरून मोबाइल डेटावर फॉर्म भरून बघा. नंबर एकदा शून्य लावून, एकदा अधिक ९१ लावून आणि एकदा मध्ये जागा सोडून टाका. पुष्कळ फॉर्म फक्त सलग दहा आकडे घेतात आणि चूक कुठे झाली हे इंग्रजीत, बारीक लाल अक्षरांत सांगतात.

आठ रकाने तर खूपच झाले. नाव, मोबाइल, भाग आणि ‘कुठे गळतंय’ एवढे चार पुरे. ईमेल नको. बजेट तर मुळीच नको. गळतीचं कारणच माहीत नसलेला माणूस बजेट काय लिहिणार? तो रकाना दिसला की फॉर्म बंद करतो. मोबाइलच्या रकान्याचा प्रकार ‘टेल’ ठेवा, म्हणजे थेट आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. स्पॅम अडवायला चित्रं ओळखायला लावू नका. माणसाला न दिसणारा एक लपवलेला रकाना ठेवा. तो भरलेला आला की समजायचं यंत्राने भरलाय.

आता फोनचं. तुमच्या साइटवरचा नंबर हा चित्राचा भाग असेल तर तो दाबता येत नाही. ‘टेल’ची (दाबताच फोन लागणारी) लिंक द्या आणि मोबाइलवर तळाशी कायम दिसणारी दोन बटणं ठेवा: फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप. कुकीची पट्टी किंवा चॅटचा गोळा त्यांच्यावर येत नाही ना, तेही बघा. मोजणीसाठी गुगल टॅग मॅनेजरमध्ये (साइटवरचे क्लिक टिपायचं गुगलचं साधन) ‘जस्ट लिंक्स’ ट्रिगर करा, अट अशी की क्लिक यूआरएल ‘टेल’ आणि कोलनने सुरू व्हावी. तो इव्हेंट अ‍ॅनालिटिक्समध्ये ‘की इव्हेंट’ म्हणून नोंदवा. अ‍ॅनालिटिक्स दुसऱ्या डोमेनवर जाणारे क्लिक आपोआप टिपतं, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपची लिंक त्यात सापडते. फोनच्या लिंकसाठी हे वेगळं करावंच लागतं. एवढं झालं की साडेचारशे लोकांमधले किती जण फोनच्या बटणापर्यंत आले ते दिसेल. त्याआधी डिझाइनबद्दल काहीही ठरवू नका.

आणि ते साडेचारशे कोण आहेत हेही तपासा. त्यात ऑफिसातले तुम्ही लोक असाल, परराज्यातले विद्यार्थी असतील. शहराच्या अहवालावर मात्र फार विसंबू नका. मोबाइल डेटावरचा पुण्यातला माणूस अनेकदा मुंबईत दाखवला जातो.

---

साइट_इंजिनिअर_सातारा

वरच्या उत्तराशी सहमत. आता पानांविषयी, कारण खरं काम तिथे आहे.

‘सेवा’ या एका पानावर पाच ओळींची यादी असेल तर ती ना गुगलच्या कामाची, ना ग्राहकाची. ज्याच्या बेडरूमच्या छतावर ओल आलीय तो ‘आमच्या सेवा’ शोधत नाही, तो ‘स्लॅब गळती उपाय’ किंवा ‘टेरेस लीकेज’ शोधतो. प्रत्येक दुखण्याला वेगळं पान हवं: गच्ची, बाथरूम, टाकी, बाहेरची भिंत, लिफ्टचा खड्डा आणि तळघर. आणि पानात ते लिहा जे तुमचा माणूस साइट व्हिजिटला तोंडी सांगतो.

गच्चीचंच पान घ्या. पाणी कुठून शिरतं ते आधी सांगा. पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि स्लॅबच्या सांध्यातला वाटा (सिमेंटचा गोलसर कोपरा) फुटलेला असतो, पावसाळी पाइपाच्या तोंडाभोवती फट असते, कोब्याला (स्लॅबवरच्या ढाळाच्या थराला) भेगा असतात, सोलर हीटरच्या स्टँडसाठी गच्चीत बोल्ट ठोकलेले असतात, ढाळ कमी पडल्याने पाणी साचून राहतं. यातल्या प्रत्येकाचा जवळून काढलेला एक फोटो टाका. वाचणारा वर जाऊन आपली गच्ची बघतो, तेच चित्र दिसलं की फोन करतो.

मग कामाची पद्धत, थराथराने. जुना सुटलेला थर काढणं, भेगा व्ही आकारात कापून पॉलिमर मॉर्टरने भरणं, वाटा नव्याने करणं, प्राइमर, जाळीसह कोटिंगचे दोन हात आणि पाँडिंग टेस्ट (गच्चीत पाणी भरून ठेवून बघणं). टेस्टमध्ये पाणी किती तास उभं ठेवता ते लिहा. ४८ तासांपेक्षा कमी असेल तर सोसायटीचा सेक्रेटरी विचारणारच. कोणतं काम कुठे चालत नाही हेही लिहा. स्लॅबची सळई गंजून काँक्रीट सुटत असेल तर नुसत्या कोटिंगने काही होत नाही, आधी दुरुस्ती लागते. असं स्पष्ट लिहिणाऱ्या ठेकेदारावर लोकांचा विश्वास बसतो आणि चुकीच्या कामांचे फोनही कमी होतात.

बाथरूमच्या पानावर सगळ्यात मोठा प्रश्न एकच: टाइल्स फोडाव्या लागतील का? त्याचं उत्तर पहिल्या परिच्छेदात द्या. ओल सतत आहे की वापरानंतर वाढते, पाण्याची लाइन दोन दिवस बंद ठेवली तर कमी होते का, यावरून आतला पाइप गळतोय की नहाणीचा ट्रॅप आणि टाइल्सचे सांधे, हे बऱ्याच अंशी कळतं. सांधेच असतील तर इपॉक्सी ग्राउटिंगने (सांधे इपॉक्सीने भरून) भागण्याची शक्यता असते. पाइप असेल तर फोडणं आलंच.

सोसायट्यांसाठी एक स्वतंत्र पान कराच: ‘गळतीचा खर्च कोणाचा?’ महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची आणि सामाईक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. सदनिकेतल्या संडास, बाथरूम, सिंकमुळे होणारी अंतर्गत गळती सदस्याने. वरच्या मजल्यावरचा आणि खालचा यांच्यात नेमका इथेच वाद होतो आणि दोघंही मोबाइलवर शोधत बसतात. कमिटीला सर्वसाधारण सभेत मांडायला कोटेशनं लागतात, म्हणून त्याच पानावर कोटेशनमध्ये काय काय असावं याचा नमुना ठेवा: मोजमाप, थर, माल कोणता आणि प्रत्येक चौरस मीटरला किती, टेस्ट, हमी, पैशांचे टप्पे. तुमचा नमुना हातात धरून ते बाकीच्यांची कोटेशनं तपासतील, हे तुमच्या फायद्याचंच आहे.

हमीवर एक शब्द. ‘१० वर्षे गॅरंटी’ असं नुसतं लिहू नका. हमी माल बनवणाऱ्या कंपनीची की तुमची, आणि कशाने रद्द होते (नंतर गच्चीत ड्रिल मारणं, इमारतीच्या हालचालीने पडलेली भेग), ते लिहा.

कंपनीच्या कॅटलॉगमधले चकचकीत फोटो काढून टाका. कामाचेच हवेत: आधी, मधला थर, नंतर. खाली एक ओळ: इमारत किती मजली, गच्ची किती चौरस फूट, कारण काय निघालं. ग्राहकाचं नाव आणि फ्लॅट नंबर नको.

---

गच्ची_ते_तळघर (पुणे)

दोघांचेही आभार. फॉर्म तपासला. मेल स्पॅममध्येच जात होते, आणि त्यात सोसायट्यांच्या चौकश्याही आहेत. एसएमटीपी लावून घेतलंय, फॉर्म चार रकान्यांवर आणलाय.

तीन शंका आहेत. दर साइटवर लिहावेत का? भाऊ म्हणतो, स्पर्धक बघून कमी सांगतील. दुसरं, एजन्सी म्हणते वाकड, बाणेर, हडपसर, कोथरूड अशी प्रत्येक भागाची पानं करू, तीस-चाळीस. करावीत का? तिसरं, गॅलरी उघडायला फार वेळ लागतो.

---

मृण्मयी_क

दादा, दर लिहा, पण दराबरोबर काय मिळतं तेही लिहा. नुसता ‘चौरस फुटाला इतके’ हा आकडा स्पर्धकाच्या उपयोगाचा असतो, थरांसकट लिहिलेला दर ग्राहकाच्या. तीन पर्याय द्या, प्रत्येकापुढे कोटिंगचे हात, जाळी आहे की नाही, वाटा धरलाय की वेगळा, जीएसटी धरून की वगळून, आणि कितीपासून कितीपर्यंत. एक हिशोब उदाहरण म्हणून मांडा. ४० बाय २५ फुटांची गच्ची म्हणजे १००० चौरस फूट. पण कोटिंग पॅरापेटवर एक फूट चढवावं लागतं. परिमिती १३० फूट, म्हणजे आणखी १३० चौरस फूट. बिल ११३० चं होतं. हे आधी न सांगितल्यामुळेच शेवटी भांडण होतं. दर बघून जो फोन करणार नाही, तो साइट व्हिजिटनंतरही काम देणार नव्हता. तुमच्या माणसाची फेरी वाचते.

भागांची पानं: चाळीस अजिबात नकोत. फक्त गावाचं नाव बदलून तोच मजकूर टाकलेल्या पानांना गुगल ‘डोअरवे’ म्हणतं आणि ती स्पॅमच्या नियमांत बसतात. जिथे तुमची कामं झालीत आणि दाखवायला फोटो आहेत, तेवढ्याच भागांची करा, आणि त्या भागाचं खरंच काही वेगळं असेल तेच लिहा. जुन्या पेठांमधल्या इमारतींचं दुखणं वेगळं, वाकड-बाणेरच्या उंच टॉवरच्या बाहेरच्या भिंतींचं वेगळं. तिथे झुल्यावरून किंवा दोरीवरून काम करावं लागतं, खर्चही बदलतो.

गॅलरी: मोबाइलने काढलेले चार-पाच एमबीचे फोटो तसेच चढवलेले असणार. रुंदी १२०० पिक्सेल करा, वेबपी प्रकारात जतन करा, दीडशे केबीच्या आत आणा. खालच्या फोटोंना ‘लेझी लोड’ (तिथे पोहोचल्यावरच फोटो उघडणं) लावा, पण पान उघडताच दिसणाऱ्या वरच्या मोठ्या फोटोला लावू नका, तो उलट उशिरा येतो. होम पेजवरचा सरकता स्लायडर काढून एकच फोटो ठेवा. मग पेजस्पीड इनसाइट्समध्ये (साइटचा वेग तपासायचं गुगलचं साधन) मोबाइलचा अहवाल बघा. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसला पाहिजे, दाबल्यावरचा प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत, आणि पान हलण्याचा आकडा ०.१ च्या आत. तुमच्यासारख्या कमी वर्दळीच्या साइटला खऱ्या वापरकर्त्यांचा आकडा बहुधा दिसणार नाही. तेव्हा अहवालातली खालची चाचणी (गुगलने स्वतः पान उघडून केलेली) प्रमाण माना आणि शंभरपैकी गुण किती पडले याच्या मागे लागू नका.

मराठी पानांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते. भाषांतराचं बटण लावून मराठी साइट होत नाही. ते भाषांतर वाचकाच्या पडद्यावर होतं, गुगलच्या यादीत येत नाही. गच्ची, बाथरूम आणि ‘खर्च कोणाचा’ ही तीन पानं मराठीत स्वतंत्र पत्त्यावर, मराठीतच विचार करून लिहा. शीर्षकात ‘गळती’, ‘ओल’, ‘स्लॅब’ हे शब्द येऊ द्या. लोक ‘जलरोधक उपचार’ शोधत नाहीत.

---

नकाशावाला_नाशिक

साइटइतकंच महत्त्वाचं गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे नकाशावर दिसणारी तुमच्या व्यवसायाची नोंद. अशा शोधांत नकाशातली तीन नावं साइट्सच्या आधी दिसतात. गुगल स्वतः तीन निकष सांगतं: शोधाशी जुळणं, अंतर आणि प्रसिद्धी. अंतर तुमच्या हातात नाही, बाकीचे दोन आहेत.

दुकान नसेल, गोडाऊनवर ग्राहक येत नसतील तर पत्ता लपवा आणि सेवेचे भाग टाका. वीसपर्यंत टाकता येतात. ठिकाणापासून साधारण दोन तासांच्या गाडीच्या अंतरापलीकडचे नकोत. नाव पाटीवर आहे तेच ठेवा. नावापुढे ‘बेस्ट टेरेस वॉटरप्रूफिंग पुणे’ जोडलं तर कुणीही तक्रार करू शकतं आणि प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, तेही ऐन मे महिन्यात. मुख्य कॅटेगरी ‘काँट्रॅक्टर’ अशी ढोबळ न ठेवता वॉटरप्रूफिंगला सगळ्यात जवळची निवडा.

रिव्ह्यू मागायची वेळ म्हणजे पहिल्या मोठ्या पावसात घर कोरडं राहिलं त्याचा दुसरा दिवस. प्रोफाइलमधून मिळणारी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि कोणतं काम, कुठल्या भागात ते दोन ओळींत लिहायची विनंती करा. सवलतीच्या बदल्यात रिव्ह्यू किंवा फक्त खूश ग्राहकांनाच लिंक पाठवणं, दोन्ही गुगलच्या नियमांत बसत नाहीत. वाईट रिव्ह्यूला शांतपणे, तांत्रिक कारण आणि पुढे काय केलं ते सांगत उत्तर द्या. नवा ग्राहक आधी तेच वाचतो.

प्रोफाइलमधल्या वेबसाइटच्या लिंकला यूटीएमची (कुठून आला ते सांगणारी) शेपटी जोडा, म्हणजे अ‍ॅनालिटिक्समध्ये नकाशावरून आलेले वेगळे दिसतील. पूर्वी गुगलची फुकट साइट वापरत असाल तर लक्षात घ्या, ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झालीय. जुन्या व्हिजिटिंग कार्डांवर आणि गाडीवर तो पत्ता राहिला असेल तर बदला.

एजन्सीबद्दल: पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलनेच लिहून ठेवलंय. कुणालाही काम द्या, पण डोमेन, होस्टिंग, अ‍ॅनालिटिक्स, सर्च कन्सोल (साइट शोधात कशी दिसते ते सांगणारं गुगलचं साधन) आणि बिझनेस प्रोफाइल यांची मालकी तुमच्या ईमेलवर ठेवा आणि त्यांना फक्त वापराची परवानगी द्या. ‘एफएक्यू स्कीमा’ (प्रश्नोत्तरं गुगलला ओळखू येतील असा कोड) टाकून शोधात प्रश्नोत्तरं दाखवतो म्हणत असतील तर ते ऑगस्ट २०२३ पासून सरकारी आणि आरोग्याच्या मान्यवर साइट्सपुरतंच उरलं होतं.

---

सर्च_आणि_सर्व्हर

नकाशावाल्यांच्या म्हणण्यात जाहिरातीची भर घालतो, कारण मे-जूनसाठी नवी पानं वर यायला वेळ लागेल. पानं फेब्रुवारी-मार्चपर्यंत तयार असतील तर बरं. नसतील तर तेवढे दोन महिने गुगल अ‍ॅड्स चालवायला हरकत नाही, फक्त सर्च कॅम्पेन. डिस्प्ले नेटवर्क आणि सर्च पार्टनर्स या दोन्ही खुणा काढा. ठिकाणाच्या पर्यायात आधीपासून ‘तिथे असलेले किंवा तिथे रस असलेले’ निवडलेलं असतं, ते बदलून फक्त तिथे असलेले करा. शब्दांची जुळणी ‘फ्रेज’ (शोधात तोच अर्थ आला तर) किंवा ‘एक्झॅक्ट’ (नेमका तोच शोध). पहिल्या दिवसापासून नको असलेले शब्द टाका: जॉब, कोर्स, केमिकल, पेंट, मेंब्रेन प्राइस, घरच्या घरी. दर आठवड्याला ‘सर्च टर्म्स’ बघून त्यांत भर घाला. जाहिरात गच्चीची असेल तर ती गच्चीच्याच पानावर उतरली पाहिजे. वेळ तेवढीच ठेवा जेवढा वेळ फोन उचलला जातो.

हिशोब साधा ठेवा. समजा एका क्लिकला ४० रुपये पडले आणि २० क्लिकमागे एक चौकशी आली, तर चौकशी ८०० रुपयांना. पाचातली एक काम होत असेल तर कामामागे ४००० रुपये. तुमच्या गच्चीच्या कामात तेवढं बसतं का, हे तुम्हीच सांगू शकाल. बाथरूमच्या ग्राउटिंगच्या छोट्या कामात बहुधा बसणार नाही.

---

गच्ची_ते_तळघर (पुणे)

खूप उपयोग झाला. शेवटचं एक: व्हॉट्सअ‍ॅपवर ‘रेट?’ एवढाच मेसेज येतो आणि उत्तर दिल्यावर पुढे काहीच होत नाही. काय करावं?

---

मृण्मयी_क

लिंकमध्येच मेसेज भरून द्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या छोट्या लिंकमध्ये नंबर ९१ आणि पुढे दहा आकडे असा लिहायचा. अधिक चिन्ह, शून्य, जागा काही नको, नाहीतर ‘नंबर चुकीचा’ असं येतं. त्यापुढे मजकूर जोडता येतो, आणि तो प्रत्येक पानावर वेगळा ठेवा. गच्चीच्या पानावरून ‘नमस्कार, गच्चीची गळती आहे. भाग: ’ असा, बाथरूमच्या पानावरून तसा. ग्राहकाला फक्त भाग लिहायचा राहतो आणि तुम्हाला कुठल्या पानावरून आला तेही न विचारता कळतं.

‘रेट?’ला आकडा पाठवून थांबू नका. बिझनेस अ‍ॅपमध्ये ‘क्विक रिप्लाय’ तयार ठेवा: ‘अंदाज लगेच सांगतो. तीन गोष्टी पाठवा: आतून ओलीचा फोटो, वरून गच्चीचा फोटो, आणि लांबी-रुंदी अंदाजे.’ फोटो पाठवणारा माणूस कामाचा. त्याला दराची रेंज आणि पाहणीसाठी दोन वेळा एकाच मेसेजमध्ये द्या, ‘उद्या सकाळी ११ की संध्याकाळी ५?’ असं. रात्रीसाठी ‘अवे मेसेज’ लावा आणि त्यात सकाळी किती वाजता फोन येईल ते लिहा.

आणि एक साधी शीट: तारीख, कुठून आला, भाग, काम, चौरस फूट, पाहणी झाली का, कोटेशनची रक्कम, काम मिळालं का, नसेल तर कारण. फोनवर ‘नंबर कुठून मिळाला?’ हे नमस्काराबरोबरच विचारायचं, संभाषण संपताना नाही. तोपर्यंत ते विसरलेले असतात किंवा ‘गुगलवरून’ एवढंच सांगतात. तसं म्हणाले तर ‘नकाशावर दिसलं की वेबसाइट वाचली?’ असं पुढे विचारा आणि रकान्यात दोन्ही वेगळं लिहा.